कुठून आलात, कुठे निघालात?



अमेरिकेत नोकरीतून निवृत्त झालेली कितीतरी माणसे एकटीच गाडी घेऊन पश्चिमेकडच्या वाळवंटात फिरायला निघतात. नेव्हाडा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको असा त्यांचा प्रवास आठवडेच्या आठवडे चालतो. हे ऐकले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "या वयात? आणि सोबतीला कोणीच नाही?" प्रश्न काळजीपोटीच येतो. पण पुढे त्याची बंदी होते, आणि ते आम्हाला बरोबर वाटत नाही.

त्या देशात ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा पास मिळतो. ॲरिझोनात सग्वारो नावाचे उंच निवडुंग आहे. त्याला पहिली फांदी फुटायलाच साधारण ५० ते ७५ वर्षे लागतात. ज्या वयात आपण माणसाला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवतो, त्या वयात निर्माणकर्त्याने त्या झाडाला नवी फांदी ठेवली आहे.

अर्थात वाळवंट कोणाचे लाड करत नाही. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नेव्हाडातून जाणाऱ्या ५० क्रमांकाच्या महामार्गाला 'लाइफ' मासिकाने १९८६ मध्ये अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटले होते. अशा भागात मैलोनमैल पेट्रोल पंप नसतो, फोनला रेंज नसते. म्हणून जाणकार सांगतात: माणशी रोज किमान चार लिटर पाणी जवळ ठेवा, गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका, आणि कोणत्या वाटेने जाणार, कधी परतणार, हे एका माणसाला सांगून निघा. ठरल्या वेळी फोन आला नाही, तर तो माणूस मदत मागवतो. म्हणजे गाडीत एकट्या बसलेल्या प्रवाशामागेही कोणीतरी जागे असते.

पवित्र शास्त्रातली हागार आठवा. उत्पत्तीच्या १६ व्या अध्यायात ती घर सोडून अरण्यात पळाली होती. शूरच्या वाटेवर, झऱ्यापाशी देवदूताने तिला गाठले. त्याने तिला नावाने हाक मारली आणि ती कुठून आली, कुठे निघाली, ते विचारले. आज्ञा त्यानंतर आली. आधी आली ती विचारपूस. आपण मंडळीत नेमके उलटे करतो. आधी "जाऊ नका" म्हणतो, विचारपूस राहूनच जाते.

आणि जे कुठेच जात नाहीत त्यांचे काय? मुले परगावी, जोडीदार प्रभूकडे गेलेला, दिवसभर घरात दुसरा आवाज नाही, अशी माणसे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. चर्चमधली त्यांची बाकावरची जागा दोन रविवार रिकामी राहिली, तर किती जणांच्या लक्षात येते? वाळवंटातल्या प्रवाशाच्या फोनची कोणी वाट पाहते. आपल्या शेजारच्या आजींच्या फोनची कोण पाहते?

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक घराने दोन ज्येष्ठांचे नंबर घ्यावेत आणि रविवारी संध्याकाळी त्यांना फोन करावा. कोणी एकट्याने वेलंकणीला, जुन्या गोव्याच्या फेस्ताला किंवा मुलांकडे परदेशी निघाले, तर अडवू नये. कुठल्या गाडीने जाता, कधी पोहोचता, पोहोचल्यावर कोणाला कळवाल, हे विचारावे, सोबत प्रार्थना करावी आणि निरोप द्यावा. परत आल्यावर त्यांच्याजवळ बसून सगळे ऐकावे.

हागारेला पाहणारा देव आपल्यालाही एकमेकांकडे पाहण्याची दृष्टी देवो. आमेन.