वक्तृत्व आणि प्रवेशाचे दार

अमेरिकेत शिकण्याची आकांक्षा धरणाऱ्या आमच्या मुलांनी हे जाणून असावे की, हार्वर्ड विद्यापीठ प्रवेश देताना गुणांबरोबर अभ्यासेतर कार्य व व्यक्तिमत्त्वही मोजते. वादविवाद स्पर्धा गाजविणाऱ्यास त्याचा लाभ होतो. परंतु स्पर्धांचा प्रवास व शिकवणी यांस पैसा लागतो. शाळा सुटल्यावर दुकानात राबणाऱ्या मुलाने तो कोठून आणावा? शिवाय अशी धूसर कसोटी निरुपद्रवी नसते. १९२० नंतरच्या दशकात याच विद्यापीठाने ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्याकरिता ‘चारित्र्या’ची कसोटी पुढे केली होती. गुणांची फेरतपासणी मागता येते. बंद खोलीतील निवाड्यावर अपील कोठे करावे? २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या प्रवेशातील वंशाचा विचार बेकायदेशीर ठरविला. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना मिळणारे झुकते माप मात्र त्या निकालाने हटले नाही.