चाखून घेण्याचा हक्क

आठवड्याच्या बाजारात शेंगदाणे घेणारा माणूस आधी दोन दाणे तोंडात टाकतो आणि मग भाव विचारतो. गुळाचा खडा जिभेवर ठेवल्याखेरीज ढेप उचलली जात नाही. अहिल्यानगर–सोलापूर रस्त्यावरील मिरजगावसारख्या बाजारगावात, जिथे आसपासच्या वाड्यावस्त्यांची गिऱ्हाइकी येते, हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला आहे की तो ग्राहकाचा एक हक्क आहे याची जाणीवही कोणास होत नाही. भेळभत्त्याची चिमूट, गोडीशेवेचा तुकडा विक्रेता स्वतःहून पुढे करतो. चव पटली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या पालाकडे वळते आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही. चाखण्याचा खर्च विक्रेत्याने सोसावा आणि निवड ग्राहकाने करावी, असा हा अलिखित करार आहे.

हा करार अलीकडे गुपचूप बदलला आहे. शाळा सुटल्यावर दुकानापुढे जमणारी मुले पाच-दहा रुपयांची नवी पाकिटे घेतात, ती फोडून एकमेकांना एकेक तुकडा देतात आणि आपापला निकाल सांगतात. शहरातील सवलतीच्या मोठ्या दुकानात महिन्याचे सामान भरावयास गेलेले शिक्षक किंवा कारकून कुटुंबही डाळ-तांदुळाबरोबर एखादे अपरिचित पेय, परदेशी चवीचे वेफर्स, 'एकावर एक मोफत' असलेली चॉकलेटे टोपलीत टाकते. घरी आल्यावर चव घेतली जाते. म्हणजे पैसे आधी आणि चव नंतर. चाखण्याचा खर्च आता संपूर्णपणे ग्राहकाच्या माथी आला आहे.

यात केवळ वाईटच घडले असे मानणे हा ढोंगीपणा ठरेल. नव्या चवीचे कुतूहल हा माणसाचा सहजधर्म आहे. ज्या दुष्काळी पट्ट्यात ज्वारीची भाकरी आणि कालवण हेच पिढ्यान्‌पिढ्या ताटात येत राहिले, तेथील मुलाला मुंबईच्या मुलाने खाल्लेला पदार्थ त्याच किमतीत मिळणे, यात समतेचाही एक अंश आहे. त्या मुलापुढे साध्या राहणीचे प्रवचन झोडणारे बहुधा स्वतः सर्व चवी घेऊन झालेले असतात. प्रश्न चव घ्यावी की नाही हा नाही. ती कोणत्या भावाने आणि कितपत माहितीनिशी घेतली जाते, हा आहे.

ताटातील पालट

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले की उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटतो. भारतातही तो घटला आहे. परंतु अन्नाच्या अंतर्गत जी उलथापालथ झाली ती अधिक बोलकी आहे. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भागात तृणधान्यांचा वाटा २०११-१२ साली एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे पाच टक्क्यांवर आला. याच काळात पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले अन्न यांचा वाटा ७.९० टक्क्यांवरून ९.८४ टक्क्यांवर गेला. या गटात हॉटेलातील चहा आणि तयार जेवणही येते, तसेच धान्याचा वाटा घटण्यास शिधावाटपातील स्वस्त व मोफत धान्याचाही हातभार आहे, हे खरे. तरीही ग्रामीण कुटुंब आज धान्यापेक्षा तयार खाण्यापिण्यावर अधिक पैसा खर्च करते, ही वस्तुस्थिती उरतेच.

या पैशाचा मोठा ओघ नाण्यांच्या रूपाने वाहतो. पाच आणि दहा रुपयांचे पाकीट हा या व्यापाराचा पाया आहे. किंमत नाण्याशी बांधलेली असल्यामुळे महागाई वाढली की किंमत हलत नाही. आतले वजन हलते. साखर, पामतेल, मैदा महागला की पाकीट तेवढेच दिसते, मात्र काही ग्रॅम नाहीसे होतात. समजा, पाच रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटात बारा ग्रॅम माल असेल, तर किलोचा भाव चारशे रुपयांच्या वर जातो. तेवढ्या पैशांत शेंगदाणे दोन किलो तरी येतील. चारशे रुपये किलोचा बटाटा एरव्ही कोणी घेणार नाही. पाच रुपयांचा मात्र सहज घेतो. मोठे पाकीट परवडणाऱ्यास दर ग्रॅमचा भाव पुष्कळदा कमी पडतो. हाती एकच नाणे असणाऱ्यास ती सोय नाही.

नाण्याच्या कचाट्यात उत्पादकही सापडतो. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना उभारला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या तयार होऊ लागल्या. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' यांची चव महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या जिभेवर आहे. पण गोळीचे वजन किती घटविणार? कच्चा माल, इंधन आणि मजुरी वाढत गेली, किंमत त्या प्रमाणात वाढविता आली नाही आणि संघटित व असंघटित स्पर्धकांपुढे टिकाव लागेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांची नावे, पाककृती आणि त्यांवरील हक्क रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतले. जमीन, इमारती आणि यंत्रे मूळ कंपनीकडेच राहिली. चव विकली गेली, कारखाना नव्हे. आजच्या बाजारात मोल कशाला आहे, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

पहिल्या घोटाची किमया

याच उद्योगसमूहाने 'कॅम्पा' हे जुने पेय मार्च २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणले आणि २०० मिलिलिटरची बाटली दहा रुपयांस ठेवली. कोका-कोलाने १९७७ साली भारत सोडल्यानंतर तयार झालेल्या पोकळीत वाढलेल्या पेयांपैकी हे एक. ज्यांनी ते तरुणपणी प्यायले त्यांनी आठवणीसाठी घेतले. ज्यांनी कधी पाहिले नव्हते त्यांनी नवलाईसाठी घेतले. नव्या स्पर्धकामुळे भाव खाली राहतात हा ग्राहकाचा लाभच होय आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

मात्र एका घोटाने दिलेला निकाल फसवा असू शकतो, हे बड्या कंपन्यांनाही महागात पडून कळले आहे. अमेरिकेत १९७५ पासून पेप्सीने नाव झाकून दोन पेयांचे घोट लोकांना देण्याची मोहीम चालविली. तिने धास्तावलेल्या कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांकडून चव घेऊन एप्रिल १९८५ मध्ये नवे, अधिक गोड पेय आणले. ग्राहक खवळले आणि अवघ्या तीन महिन्यांत जुने पेय परत आणावे लागले. एका घोटात गोड जिंकते. रोजच्या ग्लासात तसे होईलच असे नाही. नवलाईचे बहुतेक पदार्थ याच पहिल्या घासासाठी घडविलेले असतात. तिखट, मीठ आणि साखर यांचा पहिला तडाखा जोरात बसला की काम झाले. दुसऱ्यांदा कोणी घेतले नाही तरी पुढच्या महिन्यात दुसरी चव, दुसरा रंग, दुसरे नाव तयार असते. त्यातच नामांकित मालाच्या रंगरूपाची नक्कल करणारी आणि मुदत संपत आल्याने स्वस्तात काढलेली पाकिटे मिसळतात. सवलत का आहे, हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. सवलत आहे, हे मात्र दुकानाच्या दारावर.

छापील भाव, न वाचता येणारा

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. पूर्वी बिस्किटांसारख्या काही वस्तू ठराविक वजनांतच विकण्याचे बंधन होते. २०२२ मध्ये ते उठले आणि त्याच्या बदल्यात एककाची किंमत छापणे सक्तीचे झाले. परंतु एक किलोच्या आतील मालासाठी हा भाव दर ग्रॅमला छापला जातो. '०.४२ रुपये प्रति ग्रॅम' या अक्षरांवरून नववीच्या विद्यार्थ्यालाच काय, त्याच्या शिक्षकालाही चटकन काही उमगणार नाही. तोच भाव दर शंभर ग्रॅमला बेचाळीस रुपये असा ठळक छापला, तर कोणीही समजेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, चॉकलेटे आणि फरसाण यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पाकिटावर ही सवलत बहुधा वाढीव ग्रॅमांच्या रूपानेच ग्राहकाच्या हाती यावयाची. ते ग्रॅम आले, आणि पुढेही टिकले, हे वजन वाचल्याखेरीज कळणार कसे?

मुलांच्या आरोग्याबाबतही तसेच. शाळांच्या उपाहारगृहांतून अशा पदार्थांना मज्जाव करणारा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये काढला. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री निषिद्ध ठरविली. चिली देशाने २०१६ पासून अशा पाकिटांवर दर्शनी भागीच काळे इशारे छापावयास लावले. भारतात २०२२ मध्ये तारांकनाचा मसुदा निघाला आणि वाद रंगत राहिला. पन्नास मीटर मोजावयास मात्र कोणी फिरकत नाही, हे बाजारगावातील कोणत्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहिल्यास दिसेल.

म्हणून बंदीपेक्षा अधिक उपयोगाचे एक काम शिक्षकांच्या हाती आहे. मुले पदार्थांची परीक्षा करतातच. ती वर्गात करावी. चार पाकिटे आणावीत, नावे झाकावीत, सर्वांनी चव घ्यावी. मग आतला माल तराजूवर घालावा, शंभर ग्रॅमचा भाव फळ्यावर मांडावा, घटकांची यादी मोठ्याने वाचावी. शेजारी बाजारातून आणलेले फुटाणे, शेंगदाणे आणि गावातील बचत गटाचा चिवडा ठेवावा. एका तासात गणित, विज्ञान आणि अर्थशास्त्र तिन्ही होतील. या परीक्षेत पाकीटच जिंकले तरी हरकत नाही; ते नावावर नव्हे, चवीवर आणि मोलावर जिंकले असेल.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. मुंबईच्या कामगारांनी १९४८ साली 'अपना बाजार' उभा केला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामुदायिक खरेदीचा मार्ग दाखविला. एकट्या ग्राहकाला जे जमत नाही ते दहा जणांना जमते, हे त्यामागचे साधे सूत्र होते. ती शक्ती आज ग्रामीण बाजारगावांत दिसत नाही. पाकीट बंद असते आणि ग्राहक एकटा असतो.

बाजारातील शेतकरी दोन दाणे चाखून मगच कनवटीचा पैसा काढतो. त्याला कोणी अडाणी म्हणो, व्यवहारात तो शहाणा आहे. बंद पाकिटाच्या युगात ते दोन दाणे मिळणार नसतील, तर निदान त्यांच्या जागी स्वच्छ अक्षरांत वजन, भाव आणि घटक मिळाले पाहिजेत. तेवढे मागण्यास पाच रुपयांचे गिऱ्हाईकही पूर्णपणे पात्र आहे.