रील अडली तर चालंल, निरोप अडू नये



"शेतकऱ्याला फाईव्ह-जी कशाला, रील बघायला?" असं हसून विचारणाऱ्यांना आज रोखठोक उत्तर.

मोबाईलच्या लहरी म्हणजे बंधाऱ्यात बरगे घालून अडवलेलं पाणी. साठा ठरलेला, उपसणारे हजार. त्यातून दोन तऱ्हेची कामं चालतात. एक, भरपूर डेटा: व्हिडिओ, सिनेमा. दुसरं, एवढासा पण ताबडतोब पोचायचा निरोप. फाईव्ह-जीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत या निरोपाचं माप दिलंय: ३२ बाइट, १ मिलिसेकंदात, आणि लाखात एखादाच चुकावा.

दोन्ही एकाच लहरीवर कसं बसवायचं? हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला असला तरी ॲम्ब्युलन्सला वाट देतोच की आपण. टॉवर आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटतो, एका तुकड्याचे १४ भाग. व्हिडिओला दिलेल्या तुकड्यातले दोन-चार भाग काढून तातडीचा निरोप मध्येच घालता येतो. व्हिडिओ बघणाऱ्या फोनला 'एवढा भाग तुझा नव्हता' असं कळवतात आणि राहिलेला डेटा पुन्हा पाठवतात. रील बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

म्हणजे तंत्र आहे. भांडण आहे ते पाळीचं. वाट कुणाला द्यायची, हे कोण ठरवणार?

शहाणे म्हणतील, मोटारीला मिलिसेकंदाची घाई कशापायी? घाई न्हाईच. दोन सेकंद उशिरा बंद झाली म्हणून काय बिघडत नाही. पण निरोप पोचलाच पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदी चढायला लागली की सगळा गाव एकदम फोनवर असतो. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. नेमकं तेव्हाच पाणीपातळीचा निरोप व्हिडिओच्या मागं रांगेत उभा राहणार असेल, तर त्या स्पीडला काय चाटायचंय?

लहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलंय. २०२२ च्या लिलावात त्यावर सुमारे दीड लाख कोटींची बोली लागली. २०१८ ला सरकारनं इंटरनेट सगळ्यांना समान हे तत्त्व मान्य केलं, पण 'विशेष सेवा' त्यातून वगळल्या. याच फटीतून उद्या तातडीची वाट पैसेवाल्याला विकली जाईल आणि आपण टेलला राहू.

म्हणून मागणी सरळ आहे. तातडीच्या निरोपांची यादी ट्रायनं जाहीर करावी. पूर, धरणाचा विसर्ग आणि शेतीपंप तीत असावेत. गावच्या टॉवरचं माप नुसतं स्पीडवर नको, किती निरोप वेळेत पोचले तेही गावनिहाय जाहीर व्हावं. आणि वीज गेली तरी टॉवर चालू राहायला पाहिजे. बंद टॉवरवर कसली पाळी न् कसलं काय!

पाण्याचं पाळीपत्रक भांडून मिळवलं, लहरींचंही मिळवू. पटलं तर ग्रामसभेत विषय मांडा.