कागद दिवाणखान्यात, कलावंत दाराबाहेर

जुन्या जाहिरातींचे पत्रे, रविवर्म्याच्या छापील तसबिरी, तमाशाचे भित्तिफलक यांना काल रद्दीच्या भावानेही कोणी विचारीत नव्हते. आज शहरात त्यांना गिऱ्हाईक आहे. उपाहारगृहांच्या भिंती व सधनांचे दिवाणखाने त्यांनी सजतात. या छंदास आमचा विरोध नाही. तो ज्या रीतीने चालतो, तिला मात्र आहे.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि यात्रेची सुपारी ठरते. फडाचे, कलावंतांचे व वगाचे नाव मिरविणारा फलक ही या कलेची जाहिरात. कित्येक कलावंतांचे नाव बहुधा तेवढ्याच कागदावर छापले गेले असेल. यात्रा सरली की तो पावसात भिजतो, नाहीतर रद्दीत जातो.

आमच्यातील काही भाविक विचारतात, "फादर, तमाशाचा कागद जपण्यासारखा कसा?" त्यांस आमचा उलट प्रश्न आहे : यात्रेत कनातीबाहेर उभे राहून ढोलकी ऐकणाऱ्यांत आपले आजोबा नव्हतेच काय? कला ऐकावी आणि कलावंतास अस्पृश्य मानावे, ही नीती प्रभू येशूने आपल्याला शिकविलेली नाही. तो तर समाजाने दूर सारलेल्यांच्याच पंक्तीला बसला.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. तरीही अखेरचे दिवस हलाखीत काढून २००२ साली त्या गेल्या. आता त्यांच्या नावे शासन जीवनगौरव पुरस्कार देते. मेलेल्यांचा मान आणि जिवंतांची उपेक्षा, ही आपली जुनी खोड आहे.

ही खोड केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत तंबाखूच्या दुकानापुढे तेथील मूळ रहिवाशाचा लाकडी पुतळा जाहिरात म्हणून उभा करीत. असाच एक पुतळा इलेक्ट्रा वेब या बाईंनी तरुणपणी विकत घेतला आणि पुढे १९४७ साली व्हरमाँट राज्यात शेलबर्न संग्रहालय स्थापिले. त्यांच्या दृष्टीचे आम्हांस कौतुकच वाटते. परंतु ज्या लोकांचा पुतळा जपला गेला, त्यांच्या जमिनी मात्र हिरावल्या गेल्या होत्या, हेही आम्ही विसरू शकत नाही.

मग संग्रह करूच नये काय? अवश्य करावा. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि बालपणी वारलेल्या राजा या मुलाच्या नावे उभारलेला तो संग्रह १९७५ साली शासनाच्या, म्हणजे सर्वांच्या, हाती दिला. ज्याने जमविले त्यानेच सोडले, म्हणून आज कोणाही शाळकरी मुलाला तो पाहता येतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. माळ्यावर जुना फलक सापडल्यास तो भंगारवाल्यास देऊ नका. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने गाव, साल व आठवतील ती नावे लिहा आणि तो गावच्या वाचनालयास द्या. त्यावरील कोणी कलावंत अद्याप हयात असेल, तर आधी त्याच्या घरी जा, त्याची विचारपूस करा, त्याच्याकडील चहा घ्या. इतके ज्याच्याने होत नसेल, त्याने तो कागद आपल्या भिंतीवर लावू नये.