मयसभा मागाहून, आधी गाणं

कोराडी, महादुला, खापरखेडा आणि वीज केंद्राच्या वसाहतींतल्या नाट्यवेड्या मंडळींनो,

आपल्या भागाला नाटक नवं नाही. ड्युटीच्या पाळ्या सांभाळून रात्री तालमी करणारी आणि वीज कामगारांच्या नाट्यस्पर्धांत उतरणारी माणसं इथं आहेत. कोराडीच्या देवीच्या मंदिराचा कायापालट झाला. जुलै २०२३ मध्ये भारतीय विद्या भवनाच्या रामायण सांस्कृतिक केंद्राचं उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. नवरात्रात तर अवघा नागपूर जिल्हा इथं लोटतो. अशा गावात कोणाच्या मनात भव्य संगीत नाट्य करावं असं आलं, तर त्यात वावगं काही नाही. जरूर करा. पण वर्गणीचं पावतीपुस्तक छापण्याआधी थोडं ऐकून घ्या. मोठी संगीत नाटकं का पडतात, हे मराठी रंगभूमीनं फार पूर्वी पैसे मोजून शिकून ठेवलं आहे. ते पुन्हा आपल्या खिशातून शिकायची गरज नाही.

१९२० सालची गोष्ट. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत द्रौपदी’ गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. खाडिलकरांच्याच ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ या नाटकांनी आधी महाराष्ट्राला वेड लावलं होतं. द्रौपदीच्या भूमिकेत खुद्द बालगंधर्व. म्हणजे लेखक पहिल्या प्रतीचा, नट पहिल्या प्रतीचा, कंपनी पहिल्या प्रतीची. त्यावर कळस म्हणून मयसभा. पांडवांचा तो मायावी महाल रंगमंचावर खराखुरा भासावा म्हणून कंपनीनं पैशाकडे पाहिलं नाही. नाटकातली पदं लोकांनी उचलली, पण महालावरचा खर्च तिकीटबारीवर काही वसूल झाला नाही. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कंपनी कर्जात बुडालेली होती. दोष एकट्या मयसभेचा नव्हता. उंची शालू, अस्सल अत्तरं, पाहुण्यांच्या पंगती हे सगळं चालूच होतं. ते कर्ज बालगंधर्वांनी स्वतःच्या अंगावर घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं गाऊन फेडलं.

त्याच १९२१ सालच्या ८ जुलैला मुंबईच्या बालीवाला थिएटरात दुसरा एक प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि ‘मानापमान’ केलं. धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. नाटक दहा वर्षं जुनं, कथा सगळ्यांना पाठ, पदंही पाठ. तरी सर्वांत महाग तिकीट १०० रुपयांचं होतं आणि लोकांनी ते घेतलं. हे १९२१ मधले १०० रुपये आहेत, ध्यानात घ्या. लोक तिथं कोणता महाल पाहायला आले होते? दोन गळे समोरासमोर ऐकायला आले होते.

वर्षभराच्या अंतरानं झालेले हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की काय ते कळतं. प्रेक्षक देखाव्याला एकदा ‘वाहवा’ म्हणतो. पडदा उघडला, डोळे दिपले, टाळी पडली. पाच मिनिटांनी त्या महालाची त्याला सवय होते आणि पुढचे तीन तास तो माणसांकडे पाहतो, त्यांचं ऐकतो. तिथं काही घडत नसेल तर तो आधी घड्याळ पाहतो, मग दार. उलट गाण्याला तो ‘वन्स मोअर’ देतो. सेटला वन्स मोअर मिळाल्याचं कोणी ऐकलं आहे का?

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ मध्ये ‘स्पायडरमॅन: टर्न ऑफ द डार्क’ नावाचं संगीत नाटक आलं. खर्च साडेसात कोटी डॉलर, संगीत यू-टू या जगप्रसिद्ध बँडमधल्या बोनो आणि एज यांचं, नट प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडायचे. उडता उडता कलाकार जखमी झाले, अधिकृत शुभारंभ पुन्हा पुन्हा पुढे गेला, दिग्दर्शिकेला मध्येच बाजूला व्हावं लागलं. कुतूहलापोटी लोक आले, नाटक जानेवारी २०१४ पर्यंत चाललंही. पण घातलेल्या पैशाचा फार मोठा भाग बुडाला. गर्दी असूनही पडलेलं नाटक ते हे. आठवड्याचा खर्चच इतका, की भरलेलं थिएटरही पुरं पडेना.

मग टिकतं काय? त्यासाठी फार लांब जायला नको. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिलं. डिसेंबर १९६७ मध्ये ते रंगमंचावर आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब झाले विदर्भाचेच वसंतराव देशपांडे. त्या काळात संगीत नाटकाचे दिवस सरले असं अनेकांना वाटत होतं. तरी ‘कट्यार’ चाललं, कारण त्यात गाणं हीच घटना आहे. दोन गायकींचं वैर, राजगायकाचा मान, दुसऱ्या घराण्याची विद्या मिळवायला धडपडणारा सदाशिव. त्यातून गाणी काढून टाका, सांगायला गोष्टच उरत नाही. पडणाऱ्या संगीत नाटकात नेमकं उलटं असतं. गोष्ट चालू असते, मध्येच ती थांबते, गाणं होतं, आणि गोष्ट जिथं थांबली होती तिथूनच पुन्हा सुरू होते. अशी बारा गाणी झाली की प्रेक्षकाला बारा वेळा थांबवलेलं असतं.

दुसरं उदाहरण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं. दिवाळीनंतर होळीपर्यंत, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्तानं, गावोगाव रात्रभर नाटकं होतात. देसाईगंज-वडसा हे त्या कंपन्यांचं मुख्य ठाणं. तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसणारा तो प्रेक्षक काही अडाणी म्हणून बसत नाही. तिथले नट समोर गातात, लोकांच्या बोलीत बोलतात आणि गर्दी कुठं हलली, कुठं रडली हे पाहून दुसऱ्या गावी नाटक सुधारतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी. ‘आजकाल लोकांना नाटकच नको आहे’ असं म्हणणाऱ्यानं एकदा वडशाकडची बस धरावी.

आता कामाचं बोलू.

पहिलं, गोष्ट चार वाक्यांत सांगून पाहा. ‘देवीचा महिमा’ हा विषय झाला, गोष्ट नाही. कोणाला काय हवं आहे आणि आडवं कोण येतं, हे सांगता आलं की गोष्ट झाली.

दुसरं, प्रत्येक गाण्यासमोर लिहा: या गाण्यानं काय बदललं? उत्तर सापडत नसेल तर गाणं कितीही गोड असो, गाळा. गीतकाराचा रुसवा दोन दिवसांत जातो.

तिसरं, पूर्ण नाटक आधी पेटी-तबल्यावर, साध्या कपड्यांत, सतरंजीवर करून पाहा. वसाहतीच्या सभागृहात, नाहीतर शाळेच्या वर्गात. तीस-चाळीस माणसं बोलवा. त्यांत नातेवाईक कमी आणि अनोळखी जास्त असू द्या. ती कुठं चुळबुळतात आणि मोबाइल कधी बाहेर निघतो, ते कोणीतरी मागं बसून टिपा. हे नाटक सतरंजीवर माणसांना धरून ठेवत नसेल, तर एलईडीच्या भिंतीपुढंही धरणार नाही. सेटचा पैसा त्यानंतरच काढा.

चौथं, हिशेब अर्ध्या भरलेल्या सभागृहावर मांडा. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजारांचं आहे. ते पहिल्याच प्रयोगाला भरेल असं धरून कर्ज काढू नका. सहा प्रयोग निम्म्या तिकिटांवर निघतील एवढाच खर्च करा. एका भव्य प्रयोगापेक्षा सहा साधे प्रयोग नाटकाला जास्त शिकवतात.

पाचवं, रेकॉर्डवर ओठ हलवू नका. दोन सूर थोडे हलले तरी चालतील, पण गळा समोरचा असू द्या. रेकॉर्ड घरी मोबाइलवर फुकट मिळते.

सहावं, तारीख पाहून घ्या. नवरात्रात गर्दी असते हे खरं, पण ती दर्शनाची असते. रांगेत थकलेला, लेकरू कडेवर घेतलेला माणूस तीन तास बसणार नाही. त्या दिवसांत अर्ध्या तासाचा प्रवेश करा. पूर्ण नाटकाला सोयाबीन-कापसाची घाई आणि मुलांच्या परीक्षा टाळून दिवस निवडा.

आणि प्रेक्षक मंडळी, थोडं तुमच्याकडेही. फुकट पास मागू नका. पासवर आलेला माणूस मध्यंतरात उठतो, कारण त्याचं काही गेलेलं नसतं. शंभराचं तिकीट काढा आणि मग हक्कानं बोला. ‘छान झालं’ एवढं म्हणून निघू नका. दुसऱ्या अंकात कंटाळा आला असेल तर तसं सांगा. गावची पोरं आहेत, नाराज होतील म्हणून सगळे गप्प राहतात, आणि पोरं तेच नाटक घेऊन स्पर्धेत पडतात. त्यात त्यांचं भलं काही होत नाही.

नाटक पडलंच, तर खचूही नका. १९८१ मध्ये स्टीफन सोंडहाइम यांचं ‘मेरिली वी रोल अलाँग’ ब्रॉडवेवर सोळा प्रयोगांत बंद पडलं. त्यांनी ते टाकून दिलं नाही, वर्षानुवर्षं दुरुस्त करत राहिले. २०२३ मध्ये ते ब्रॉडवेवर परतलं, गाजलं, आणि पुढच्या वर्षी उत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. दुरुस्तीला वेळ मिळाला, कारण संहिता आणि गाणी हातात होती. पडलेल्या सेटची मात्र दुरुस्ती होत नाही. तो मंडप डेकोरेशनवाल्याकडे परत जातो आणि मंडळाकडे बिल उरतं.

तेव्हा येत्या रविवारी मंडळाची बैठक असेल तर अजेंड्यावर सेटचं कोटेशन ठेवू नका. संहिता ठेवा, पेटी आणा आणि पहिलं गाणं ऐका. ऐकून झाल्यावर पुढं काय होतं असं कोणी आपणहून विचारलं, तर खुशाल वर्गणीला लागा.