बातमीने दिलेले नाव

सोमवारी करोल बागेतील बहुतेक दुकानांना कुलूप असते, पण पदपथावर सोमवार बाजार भरतो. चादरी, चपला, कपबश्या आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या. अशा गर्दीत चार-पाच वर्षांचे एखादे मूल एकदम कानांवर हात दाबून जमिनीवर लोळण घेते. लोक मात्र त्याच्याकडे कमी आणि त्याच्या आईकडेच जास्त पाहतात. ‘‘लाडावून ठेवलंय,’’ कुणी पुटपुटते. ‘‘दो थप्पड लगाओ, ठीक हो जाएगा,’’ कुणी फुकटचा सल्ला देते. मुलाला तो गोंगाट खरोखरच सोसत नसतो, हे कुणाच्या गावीही नसते. आई त्याला कसेबसे उचलते आणि घर गाठते. पुढच्या सोमवारी ती बाजाराला येत नाही.

तीसेक वर्षांपूर्वी अशा आईजवळ या त्रासाला नावसुद्धा नसायचे. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच ऑटिझमचे वर्णन केले होते, पण आपल्याकडे अशा मुलांवर ‘मतिमंद’ हा शिक्का सहज बसे. सोन्याच्या गलाईच्या धंद्यासाठी सांगलीकडून येऊन करोल बागेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचेच उदाहरण घ्या. सासू गावाकडे आणि डॉक्टर दिल्लीत, पण उशिरा बोलणाऱ्या मुलाबद्दल दोघांकडून एकच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी: ‘थांबा, बोलेल. याचा बापही उशिराच बोलला होता.’ या थांबण्यात मोलाची वर्षे निघून जातात.

दिल्लीत हे मौन पालकांनीच मोडले. स्वमग्न मुलाची आई असलेल्या मेरी बरुआ यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू झाली. १९९४ मध्ये संस्थेने मुलांसाठी शाळा काढली आणि स्वतःचे नियतकालिकही. हळूहळू वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत या विषयावर लेख येऊ लागले. अशा लेखातून आईला उपचार मिळत नाहीत, पण एक नाव मिळते आणि त्याबरोबर ‘माझ्या संगोपनात काही चुकले नाही’ हा दिलासा. सासरच्या माणसांसमोर ठेवायला छापील कागद हाती असणे ही लहान गोष्ट नव्हे.

मराठी वृत्तपत्रांनी ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळवला. शब्द गोड आहे, पण थोडा फसवा. मूल आपल्याच नादात आहे, जोरात हाक मारली की भानावर येईल, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होत असते.

बातमी दिशाभूलही करते. १९९८ मध्ये ब्रिटनमधील डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरील निबंधातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले, आईबाप लस टाळू लागले आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले. त्यातील लबाडी ब्रायन डीअर या पत्रकारानेच २००४ पासून उघडी पाडली, हेही खरे. निबंध मागे घेतला गेला तो २०१० मध्ये! आपल्याकडे आता मूलपेशींच्या उपचाराने मूल ‘बरे’ होते, अशा जाहिराती फिरतात. ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. दागिने मोडण्याआधी एवढे वाचलेले बरे.

वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून त्याच्या विकासाची तपासणी करून घ्यावी. प्रत्येक वेळी स्वमग्नताच निघेल असे नाही, पण वाट पाहून काहीच हाती लागत नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत त्याला जागा दिली. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

दरवर्षी २ एप्रिलला, जागतिक जागृती दिनी, इमारती निळ्या दिव्यांनी उजळतात आणि गोंडस मुलांची छायाचित्रे छापून येतात. मात्र १९९१ ची ती मुले आज पस्तिशी-चाळिशीच्या घरात आहेत. त्यांचे आईवडील थकले आहेत आणि ‘आमच्यामागे याचे कोण?’ या काळजीने रात्र रात्र जागतात. मूल १८ वर्षांचे झाल्यावर गरज असेल तर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. त्या दिवशीच्या बातमीत ही एवढी ओळ शोधूनही क्वचितच सापडते.