गटिंगची तार आणि सरावाची वही

घरातील मूल टेनिस शिकू लागले की पहिली फेरी क्रीडासाहित्याच्या दुकानात होते आणि बहुधा तेथेच पहिली चूक घडते. नामवंत खेळाडूच्या हाती दिसलेली महागडी रॅकेट कौतुकाने विकत घेतली जाते. ती प्रौढांसाठीची, २७ इंच लांबीची आणि वजनदार असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हात ती पेलू शकत नाही. मग ते मनगट मुरडून फटका मारू लागते आणि ही सवय पुढे सहसा सुटत नाही. मुलांसाठी १९ ते २६ इंचांच्या हलक्या रॅकेट मिळतात. उंचीनुसार त्यांतील योग्य ती निवडावी. चेंडूचेही तसेच आहे. नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा लाल चेंडू सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ असतो. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धा अशा संथ चेंडूंनीच खेळवाव्यात, असा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा २०१२ पासूनचा नियम आहे.

रॅकेटहून अधिक विचार तारेचा करावा. दुकानात तार बसवून घेण्यास ‘गटिंग’ म्हणतात. ‘गट’ म्हणजे प्राण्याचे आतडे, हा या शब्दाचा मूळ अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात येतो. फ्रान्समधील बाबोला या घराण्याने १८७५ मध्ये मेंढीच्या आतड्यापासून टेनिसची तार तयार केली. आजही ‘नॅचरल गट’ नावाने विकली जाणारी तार गाईच्या आतड्याच्या आवरणापासून बनते. मात्र ‘सिंथेटिक गट’ या नावाने दचकण्याचे कारण नाही. ती नायलॉनची तार असते. अहिंसा हा ज्या घराचा आचार आहे, त्या घराने तार बसविण्यापूर्वी वेष्टनावरील नाव वाचावे आणि मुठीवरील पट्टी कातड्याची तर नाही ना, हेही विचारावे. ताण टिकवून धरण्यात नैसर्गिक तार आजही सरस मानली जाते, हे खरे. पण शिकाऊ खेळाडूला त्या फरकाची उणीव भासत नाही. अनेक सूक्ष्म धाग्यांची ‘मल्टिफिलामेंट’ तार त्याला पुरेशी मऊ आणि कोपराला सुसह्य असते. पॉलिएस्टरची तार कडक असल्याने कोवळ्या हातांना ती टाळावी. आठवड्यात जितके दिवस खेळ, वर्षातून तितक्या वेळा तार बदलावी, असा साधा ठोकताळा आहे.

साहित्य योग्य मिळाले, तरी खेळ सुधारतो तो सरावाने; आणि तासभर नुसते चेंडू मारणे म्हणजे सराव नव्हे. प्रत्येक सत्राला एक उद्देश असावा. जाळीची उंची मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर, तर खांबांजवळ १.०७ मीटर असते. तिरका फटका जाळीच्या सखल भागावरून जातो आणि त्याला मैदानाची लांबीही अधिक मिळते. म्हणून प्रथम तिरके फटके पक्के करावेत, सरळ फटके नंतर. सर्व्हिस हा एकच फटका सर्वस्वी स्वतःच्या हाती असतो. तरीही सरावात तिला शेवटची पाच मिनिटे मिळतात. तिला आरंभीच वेळ द्यावा. एकच फटका शंभर वेळा मारल्यास तो त्या दिवशी सफाईदार दिसतो. मात्र फोरहँड, बॅकहँड आणि व्हॉली आलटून पालटून मारण्याचा सराव प्रत्यक्ष सामन्यात अधिक टिकतो.

पेढीवर रोजमेळ जसा नित्य लिहिला जातो, तशी मुलाने सरावाची वही ठेवावी. उजव्या कोपऱ्यात वीस आणि डाव्या कोपऱ्यात वीस सर्व्हिस मारून त्यांतील किती आत पडल्या, एवढीच नोंद पुरे. महिन्याच्या अखेरीस आईवडिलांनी नव्या रॅकेटचा हट्ट ऐकण्याआधी ती वही उघडून पाहावी. आकडे वाढत असतील, तर जुनी रॅकेट उत्तम आहे. ते थांबले असतील, तर आधी प्रशिक्षकांना विचारावे, मग तार तपासावी आणि दुकानाची वाट सर्वांत शेवटी धरावी.